तिचं गाणं आणि माझं इतिवृत्त

९ नोव्हेंबर, रविवार. सोसायटीचं दप्तर दुसऱ्या दिवशी नव्या कमिटीच्या ताब्यात द्यायचं होतं, म्हणून सकाळी नऊलाच ऑफिस उघडलं. ऑफिस म्हणजे जिन्याखालची खोली. एक टेबल, चार खुर्च्या, एक लोखंडी कपाट. अकरा वर्षं मी या सोसायटीची सेक्रेटरी होते. कोथरूडमध्ये सेक्रेटरी होणं म्हणजे अठ्ठेचाळीस घरांचा राग एकटीने घेणं, पण ते असो. लिफ्टचे कागद एका गठ्ठ्यात, पाण्याच्या टाकीचे दुसऱ्यात, भाडेकरूंचे तिसऱ्यात. कशाचं काय ते कळत नाही असे चौथ्यात. चौथा गठ्ठा सगळ्यात मोठा झाला.

बी विंगच्या फायली चाळताना एका वारसनोंदीच्या फॉर्मवर सही राहिलेली दिसली. हे कुटुंब दोन वर्षांपूर्वी धायरीला मुलाकडे राहायला गेलं, इथला फ्लॅट भाड्याने दिलाय. घरातली बाई माझी मैत्रीण. होती म्हणायचं की आहे, हे मला त्या दिवशीपर्यंत ठरवावं लागलं नव्हतं. फॉर्म तिच्या नवऱ्याचा, म्हणून मी त्यांना फोन लावला.

रिंग वाजण्याऐवजी गाणं सुरू झालं. जुनं भावगीत, पूर्वी सकाळी रेडिओवर लागायचं त्यातलं. शब्द साधे, चाल अवघड. मी फोन कानाला धरून उभी राहिले. हे गाणं मला माहीत होतं. ते त्यांच्या फोनवर असायला नको होतं, आणि ते तिथे कसं गेलं तेही मला माहीत होतं.

चार वर्षांपूर्वी आम्ही तिघींनी एक प्रकार सुरू केला. तिघी म्हणजे ही अमरावतीहून लग्न होऊन पुण्यात आलेली मैत्रीण, तिसऱ्या मजल्यावर राहणारी गणिताची निवृत्त शिक्षिका आणि मी. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुपारी याच खोलीत जमायचं. भिशीसारख्या चिठ्ठ्या टाकायच्या. फरक एवढाच की चिठ्ठी निघेल तिने काही घ्यायचं नाही, द्यायचं. एक गाणं आणि ते आवडण्याचं कारण. बुधवार पेठेतून मी एक छोटा स्पीकर आणला होता. गाणं पूर्ण ऐकायचं, मध्ये बोलायचं नाही, मग कारण, मग चहा.

शिक्षिकेने पहिलंच गाणं आणलं ते वरातीत बँडवाले वाजवतात तसलं. आम्ही दोघी एकमेकींकडे बघायला लागलो.

"हसू नका," ती म्हणाली. "माझ्या लग्नातल्या बँडवाल्याला एवढं एकच येत होतं. कार्यालयापर्यंत नऊ वेळा वाजवलं त्याने. मी मोजलं. आत काय वाढून ठेवलंय याची भीती वाटत होती, आणि मोजण्याने ती कमी झाली. तेव्हापासून काही अवघड असलं की मी हे गाणं मनात नऊदा म्हणते."

"नऊदा?" मैत्रीण म्हणाली. "बापरे! मग तुझ्या बायपासच्या वेळी?"

"सातव्याला भूल चढली."

असं चालायचं. आणि मी ते लिहून घ्यायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पण टेबलाशी तीन माणसं बसली की माझा हात वहीकडे जातो. तारीख, हजर, गाणं, कारण. शिक्षिका चिडवायची, "अध्यक्षांच्या परवानगीने चहा प्यायला हरकत नाही ना?" मी लक्ष द्यायचे नाही. सभेचं इतिवृत्त नीट नसलं तर पुढे कोण काय बोललं यावरून भांडणं होतात, हे मी अकरा वर्षं पाहिलं होतं. आमच्या तिघींत कसलं भांडण होणार होतं, हा प्रश्न मला पडला नाही.

माझी चिठ्ठी निघाली तेव्हा मी एक हिंदी गाणं लावलं आणि म्हटलं, याचा ठेका पोळ्या लाटायला बरा पडतो. दोघी हसल्या. खरं कारण वेगळं होतं. ते मी सांगितलं नाही, इथेही लिहिणार नाही. वहीत माझ्या गाण्यापुढे मी लिहिलं, 'आवडते.'

मैत्रीण पहिल्या फेऱ्यांत इकडची तिकडची गाणी आणायची. मुलाला आवडायचं म्हणून, हादग्याची आठवण म्हणून. दुसऱ्या वर्षी एकदा तिची चिठ्ठी निघाली आणि ती म्हणाली, "स्पीकर राहू दे." मग खुर्चीत बसल्या बसल्या तिने ते भावगीत म्हटलं. आधी आवाज दबका होता. दुसऱ्या कडव्यात चाल एकदम वर जाते, तिथे ती डोळे न मिटता, मान न हलवता सरळ गेली. जिन्यावरून कुणीतरी येत होतं, ते थांबल्याचं मला कळलं. सहा वर्षं आम्ही एका जिन्यावरून चढउतार करत होतो, आणि ही बाई गाते हे मला माहीत नव्हतं.

"कॉलेजला असताना म्हणायची," ती म्हणाली. "आमच्या सरांनी रेडिओच्या चाचणीला नाव घातलं होतं. त्याच आठवड्यात हे बघायला आले. बाबा म्हणाले, गाणं काय, लग्नानंतरही म्हणता येतं."

"मग?" मी विचारलं.

"मग काही नाही. इकडे कुणी नको म्हटलं नाही. कुणी विचारलंच नाही. मीही सांगितलं नाही. पहिल्या वर्षी वाटायचं, कुणीतरी विचारावं. नंतर वाटायला लागलं, बरंच झालं." तिने टेबलावरची चिठ्ठी उचलून घडी घातली. "त्या घरात सगळं सगळ्यांचं आहे. माझा टॉवेल सासूबाई घ्यायच्या, चष्मा हे घेतात, मोबाईल नातू. दुपारी घरात कुणी नसतं तेव्हा मी कपड्यांच्या घड्या घालते आणि हे एकदा म्हणते. एकदाच. ते तेवढं माझं आहे."

"भाऊजींना माहीत नाही?"

"नाही. आणि कळायचंही नाही."

शिक्षिकेने मान हलवली आणि चहा गाळायला उठली. मी वही ओढली. त्या दिवशी मी जे लिहिलं ते माझ्यासमोर आता आहे, म्हणून जसंच्या तसं देते. 'गाणे: भावगीत (स्वतः गायिले, उत्तम). कारण: कॉलेजात गात असे. लग्नानंतर संधी मिळाली नाही. घरी माहीत नाही. पुढील कार्यवाही: योग्य प्रसंगी गाण्याची संधी द्यावी.'

इतिवृत्तात चर्चा लिहायची नसते, ठराव लिहायचा असतो. मी तेच केलं. ती जे बोलली त्यातलं जे करण्याजोगं वाटलं ते ठेवलं आणि बाकीचं गाळलं. तिने कसलाच ठराव मांडला नव्हता.

पाच-सहा महिन्यांनी तिच्या नवऱ्याची एकसष्टी आली. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेला सज्जन माणूस, जोराने हसणारा. हॉल घेतला होता, जेवण ठरलं होतं, आणि कार्यक्रमाचं काय करायचं म्हणून सून माझ्याकडे आली. "काकू, तुम्ही बघाल ना? तुम्हाला सगळं जमतं." मला सगळं जमतं. एक गाणारं जोडपं ठरवलं, पाच-सहा गाणी काढली, आणि वहीतलं ते पान उघडून त्या गायिकेला या गाण्याची पट्टी विचारून ठेवली. शिक्षिकेला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिला विचारलंस का?" मी म्हटलं, "विचारलं तर सरप्राइज कसलं?"

त्या संध्याकाळी चौथ्या गाण्यानंतर मी माइक घेतला. तीन वाक्यं बोलले. तिच्या कॉलेजबद्दल, रेडिओच्या चाचणीबद्दल, आणि तेहतीस वर्षं घरात कुणाला पत्ता लागू न देता तिने जपलेल्या गाण्याबद्दल. लोक माना वळवून तिच्याकडे बघायला लागले. ती पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर नातवाचा स्वेटर.

तिच्या नवऱ्याने माझ्या हातातला माइक घेतला. "अहो, ही गाते? हिच्या हातच्या तेहतीस वर्षं भाकऱ्या खाल्ल्या, गळा काही दिसला नाही!"

हॉल हसला. टाळ्या सुरू झाल्या. ती उठली, स्वेटर खुर्चीवर ठेवला, स्टेजवर आली आणि गायली. पूर्ण गायली, चांगली गायली. दुसऱ्या कडव्यातली ती जागा घेतली तेव्हा नवऱ्याने डोळ्यांना रुमाल लावला. नंतर जेवताना निदान वीस लोकांनी मला सांगितलं, काय सुंदर कल्पना, तुमच्यामुळे आज कळलं. मी खूश होते. ताट घेऊन तिच्याशेजारी जाऊन बसले.

"झालं तुझ्या मनासारखं?" ती म्हणाली.

मला वाटलं, थट्टा करतेय. मी म्हटलं, "अजून बासुंदी राहिलीय."

पुढच्या दुसऱ्या शनिवारी तिने गुडघ्याचं कारण सांगितलं. त्याच्या पुढच्या वेळी पाहुण्यांचं. मग मुलाने धायरीला मोठं घर घेतलं आणि ते सगळे तिकडे गेले. ट्रक भरताना मी खाली उभी होते. पार्किंगमध्ये ट्रक आडवा लावू नका, एवढं मी त्या दिवशी बोलले. मनातून मी तिच्यावर नाराज होते. एवढं केलं हिच्यासाठी आणि एक शब्द नाही. ही नाराजी मी दोन वर्षं नीट जपली. फोन केला नाही. दोघींनी शनिवार कसला करायचा, म्हणून तेही बंद झालं.

आणि आता ते गाणं तिच्या नवऱ्याच्या फोनवर वाजत होतं. कुणीही फोन केला की. गॅसवाल्याने, बँकेतून, मी.

"अरे, सेक्रेटरीबाई!" त्यांनी फोन उचलला. "ऐकलंत ना? कॉलर ट्यून! मूळ गायिकेचं आहे, पण आमची काही कमी नाही. तुमच्यामुळे हो सगळं. नाहीतर आम्ही आपले अंधारातच होतो."

"कशी आहे ती?"

"मजेत. आधी रोज संध्याकाळी म्हणायला लावायचो. पाहुणे आले की फर्माईश. माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात म्हटलं तिने, शंभर माणूस होतं. हल्ली जरा कुरकुर करते. घसा धरतो म्हणते. मी म्हटलं, रियाज नाही तर घसा धरणारच! दुपारी रिकामी असतेस तेव्हा करत जा म्हटलं. तर टीव्ही लावून बसते. देऊ का फोन तिला?"

"नको," मी म्हटलं. "कामात आहे. फॉर्मवर सही हवी होती, नंतर बघू."

मी फोन ठेवला. खोटं सहसा बोलत नाही, पण कामात होते हे तरी खरं होतं. मग चौथा गठ्ठा उपसला. ती वही त्यातच होती, पाणीपुरवठ्याच्या पत्रांखाली. ते पान काढलं आणि वर लिहिलेली पाच वाक्यं वाचली. तिने दोन वेळा सांगितलं होतं. ते तेवढं माझं आहे, आणि कळायचंही नाही. दोन्ही वाक्यं माझ्या वहीत नव्हती. मला ती पाठ होती, म्हणजे ऐकली नव्हती असंही म्हणता येत नाही.

शिक्षिका साडेअकराला चहाचा थर्मास घेऊन खाली आली. मी तिला फोनचं सांगितलं. ती कप भरत राहिली.

"तुला माहीत होतं?" मी विचारलं.

"कॉलर ट्यूनचं नाही. बाकीचं होतं. ती मला सांगायची. दुपारी एकदा सुरू केलं तर तिला वाटलं, आपण कार्यक्रमाची तयारी करतोय. तेव्हापासून बंद केलं तिने."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला? तुला काय सांगणार? तू म्हणाली असतीस, दुसरं गाणं शोधू तिच्यासाठी. समिती नेमली असतीस."

मी तसंच म्हणाले असते. खरं तर त्या क्षणी माझ्या डोक्यात तेच चाललं होतं.

"आता काय करू?" मी म्हटलं.

"तुला नेहमी काहीतरी करायचं असतं, हाच तर त्रास आहे," ती म्हणाली आणि थर्मासचं झाकण लावलं. जिन्यापाशी जाऊन वळली. "जा. पण काही घेऊन जाऊ नकोस. ना फॉर्म, ना पेढे."

संध्याकाळी मी पत्राचा मसुदा करून पाहिला. पहिली ओळ झाली, 'एकसष्टीच्या कार्यक्रमासंदर्भात आपणांस कळविण्यात येते की.' फाडून टाकलं. दुसऱ्यात 'माझा हेतू चांगला होता' हे वाक्य तीन वेळा आलं. तेही फाडलं. हेतू चांगला होता यात शंका नाही. लिफ्ट बंद पडली तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाचाही हेतू चांगलाच होता, आणि मी त्याला जिन्यात उभं करून झापलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला मी स्कूटर काढली. तिचे यजमान सातला फिरायला जातात आणि आठ-सव्वाआठला परततात, हे त्यांच्या इथल्या सवयीवरून माहीत होतं. राजाराम पूल ओलांडून सिंहगड रस्त्याला लागले. शाळेच्या बस आणि ऑफिसच्या गाड्या यांच्यातून धायरीला पोचायला पाऊण तास लागला. माझ्या हिशेबापेक्षा जास्त.

दार तिनेच उघडलं. केस पांढरे ठेवलेत आता. "तू?" म्हणाली, आणि बाजूला झाली. मुलगा-सून कामावर गेले होते. स्वयंपाकघरातल्या टेबलाशी मला बसवून ती मेथी निवडत बसली. मी वाटेत जुळवलेलं सगळं विसरले.

"मी चूक केली," मी म्हटलं. "तू सांगितलं होतंस, घरी कळायचं नाही. मी शंभर लोकांना सांगितलं."

"दीडशे होते," ती म्हणाली.

"दीडशे."

"मला आधी तुझा राग नव्हता. मला वाटलं, हिने ऐकलंच नसेल नीट, लिहीत होती तेव्हा. मग वाटलं, नाही, हिने ऐकलं आणि ठरवलं. माझ्या वतीने." तिने एक पिवळं पान बाजूला टाकलं. "ते चांगले आहेत गं. त्यांचा तरी काय दोष? त्यांना खरंच आनंद झालाय. त्यांना मी कोणत्या तोंडाने सांगू, की तुम्हाला आवडलं म्हणून माझं गेलं?"

मला यावर उपाय सुचले. दोन-तीन सुचले. मी एकही बोलले नाही. एक जुडी पुढे ओढली आणि निवडायला लागले. आयुष्यात इतकी हळू मेथी मी कधी निवडली नसेल.

"आता येतं का कधी?" शेवटी मी विचारलं. "मनात तरी?"

"येतं. चालसुद्धा येते. पण मग टाळ्या ऐकू येतात."

तेवढ्यात दार वाजलं. यजमान परत आले होते, कानटोपी हातात. मला बघून त्यांचा चेहरा खुलला. "अरे वा! सेक्रेटरीबाई स्वतः! आता तर ऐकवलंच पाहिजे. हिचा घसा तुमच्यापुढे काय धरतोय बघू. चल गं, एक होऊन जाऊ दे!"

ती मेथीकडे बघत होती. हात थांबले होते.

"नको, भाऊजी," मी म्हटलं. "मला ऐकायचं नाही."

"असं कसं? तुम्हीच तर..."

"हो. मीच. आणि ते चुकलं माझं. तिला ते कुणापुढे म्हणायचं नव्हतं. तिने मला तसं सांगितलं होतं, तरी मी माइक घेतला. तुम्ही तिला आता म्हणायला लावू नका. घसा धरत नाही तिचा."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "मला कधी बोलली नाही," ते म्हणाले. जोराने हसणाऱ्या माणसाचा आवाज इतका लहान होतो हे मला माहीत नव्हतं. कानटोपी खुर्चीच्या पाठीला अडकवून ते आतल्या खोलीत गेले. आणखी एका माणसाला मी दुखवलं होतं, तेही सकाळी साडेआठला, त्याच्याच घरात.

ती उठली आणि चहाचं आधण ठेवलं. मला रागावली नाही, आभारही मानले नाहीत. दोन कप ओतून तिसरा झाकून ठेवला. आम्ही चहा प्यायलो. आतून काही आवाज आला नाही.

मी निघाले तशी ती दारापर्यंत आली. "जेवून जातेस का?" म्हणाली.

"नको. दप्तर द्यायचंय आज."

पूर्वी तिच्या दारातून कुणी उपाशी गेलेलं मी पाहिलं नाही. पुण्याच्या लोकांना आग्रह करता येत नाही, असं म्हणून ती आम्हाला नावं ठेवायची आणि हाताला धरून पाटावर बसवायची. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. मी पायऱ्या उतरून खाली आले, स्कूटर चालू केली आणि कोथरूडला परत आले.